चाळणी, गाळणी आणि कल्ला : पिंपरी-चिंचवड-चाकण औद्योगिक पट्ट्यातील धातू, नॅनोकण व मत्स्यारोग्याचा ऐतिहासिक आढावा

सारांश

पवना, मुळा व इंद्रायणी या नद्यांच्या खोऱ्यांत वसलेल्या पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्ट्यात गेल्या सत्तर वर्षांत धातूंचा वापर अनेक पटींनी वाढला. याच नद्यांतील माशांच्या शास्त्रीय नोंदी मात्र एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून उपलब्ध आहेत. प्रस्तुत लेखात मत्स्यनोंदींचा इतिहास, धातुप्रदूषण मोजण्याच्या कायदेशीर मापांचा इतिहास आणि धातूंच्या नॅनोकणांचा माशांवरील परिणाम शोधणाऱ्या विज्ञानाचा इतिहास एकत्र मांडला आहे. प्रचलित मापे धातूचे वजन आणि माशाचा मृत्यू मोजतात. नॅनोकणांचा परिणाम मात्र कणाच्या रूपात आणि जिवंत माशाच्या कल्ल्यात दिसतो. त्यामुळे नदीचे आरोग्य ठरविताना माशाच्या शरीराची साक्ष पुन्हा प्रमाण मानावी लागेल, असे प्रतिपादन येथे केले आहे.

प्रस्तावना

औद्योगिक प्रदूषणाचा इतिहास लिहिताना सामान्यतः कारखान्यांच्या स्थापनेची वर्षे, कायद्यांची कलमे आणि शासकीय अहवालांतील आकडे यांचा आधार घेतला जातो. नदीतील सजीव या इतिहासात बहुधा शेवटच्या परिच्छेदात येतात आणि तेही मेलेल्या अवस्थेत. पात्रावर मृत माशांचा खच दिसला की वृत्तपत्रांत छायाचित्रे छापली जातात, पाण्याचे नमुने घेतले जातात, नोटिसा निघतात आणि पाऊस पडला की विषय मागे पडतो. या पद्धतीत माशाचे मरण हीच एकमेव दखलपात्र घटना ठरते. मरणापूर्वी माशाच्या शरीरात काय घडले, त्याची वाढ, प्रजनन व श्वसन कसे बिघडले, हे प्रश्न विचारलेच जात नाहीत.

धातूंच्या नॅनोकणांनी हे प्रश्न अपरिहार्य केले आहेत. एक ते शंभर नॅनोमीटर आकाराचे कण, म्हणजे मीटरच्या अब्जांश भागाने मोजावे लागणारे कण, आज रंग, टायर, उत्प्रेरक, जंतुनाशक लेप, वस्त्रे व जलशुद्धीकरण साधने यांतून वापरात आहेत. वेल्डिंगचा धूर, धातू घासणे व ब्रेकची झीज यांतून ते नकळतही निर्माण होतात. वाहननिर्मिती हाच ज्या प्रदेशाचा मुख्य व्यवसाय, त्या प्रदेशाने या प्रश्नाकडे आपल्या स्थानिक इतिहासाच्या संदर्भात पाहणे आवश्यक आहे.

मत्स्यनोंदींची परंपरा

या प्रदेशातील माशांचा शास्त्रीय इतिहास कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांच्यापासून सुरू होतो. मुंबई सरकारचे सांख्यिकी अधिकारी म्हणून साइक्स यांनी १८२४ नंतरच्या वर्षांत दख्खनचा प्रदेश पायाखाली घातला. लोकसंख्या, पिके, हवामान यांच्या बरोबरीने त्यांनी पशुपक्षी व मासेही नोंदविले. त्यांचा दख्खनच्या माशांवरील निबंध लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेपुढे १८३८ मध्ये मांडला गेला, १८३९ मध्ये तो संक्षेपाने प्रसिद्ध झाला आणि १८४१ मध्ये चित्रांसह सविस्तर छापला गेला.

या निबंधाचे एक वैशिष्ट्य मराठी अभ्यासकांनी विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. साइक्स यांनी अनेक नव्या जातींना लॅटिन वा ग्रीक नावे न देता स्थानिक नावेच शास्त्रीय नाव म्हणून बहाल केली. मुल्या, कोलुस, खुद्री, पोटेल, बोग्गुट, फुलुंगी, मुसुल्ला ही नावे आजही जगभरच्या मत्स्यशास्त्रात थोड्याफार फरकाने रूढ आहेत. दगडाला चिकटून शेवाळ खरवडणारा 'गारा मुल्या' म्हणजे आपला मळ्या. दख्खनचा महाशीर 'टॉर खुद्री' या नावाने ओळखला जातो. नदीकाठच्या माणसांच्या बोलीतील शब्द अशा रीतीने विज्ञानाच्या कायमच्या शब्दसंग्रहात दाखल झाले.

या सर्वांत 'नुक्ता' या माशाचे स्थान प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अनन्यसाधारण आहे. साइक्स यांनी त्याला 'सायप्रिनस नुक्ता' असे नाव दिले. पुढे त्याची गणना 'स्किस्मॅटोरिंकस' या प्रजातीत झाली. मुस्कटावरील खोल खोबणीमुळे त्याचे तोंड दुभंगल्यासारखे दिसते आणि 'नकटा' हा मराठी शब्द त्या नावामागे स्पष्ट ऐकू येतो. नवी जात प्रथम वर्णिली जाते तेव्हा तिचा नमुना कोठे मिळाला याची नोंद केली जाते. नुक्ताच्या बाबतीत ही नोंद 'चाकणजवळील इंद्रायणी नदी' अशी आहे. आज मोटारींसाठी ओळखले जाणारे चाकण मत्स्यशास्त्राच्या नकाशावर १८३९ पासून आहे, ते या माशामुळे. हा मासा आज जागतिक पातळीवर संकटग्रस्त जातींत मोडतो.

साइक्स यांच्यानंतर सुमारे एका शतकाने ही परंपरा पुन्हा सुरू झाली. फ्रेझर यांनी १९४२ मध्ये पुण्याच्या माशांची यादी मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. सूटर यांनी १९४४ मध्ये तीत नव्या नोंदींची भर घातली. टोणपी व मुल्हेरकर यांचा पुण्याच्या गोड्या पाण्यातील माशांवरील निबंध १९६३ मध्ये आला. पुढे पुण्यातील महाविद्यालयीन प्राध्यापकांनी हे काम नेटाने चालविले. वाघ व घाटे यांनी मुळा-मुठेतील माशांचा आढावा २००३ मध्ये घेतला. त्याच वर्षी खरात, डहाणूकर, राऊत व घाटे यांनी पुणे जिल्ह्यातील मत्स्यजातींत दीर्घकाळात झालेले बदल 'करंट सायन्स' या नियतकालिकात मांडले. इंद्रायणीच्या माशांचा स्वतंत्र अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात पन्नासहून अधिक जातींची नोंद झाली.

या शास्त्रीय परंपरेच्या जोडीला एक लोकपरंपराही आहे. देहू आणि आळंदी येथील इंद्रायणीच्या डोहांतील माशांना भाविकांनी पिढ्यान्‌पिढ्या अभय दिले. याच नदीच्या उगमाकडे, लोणावळ्याजवळील वळवण येथे टाटा वीज कंपन्यांच्या मत्स्यबीज केंद्रात १९७० च्या दशकाच्या आरंभापासून महाशीरच्या कृत्रिम प्रजननाचे काम झाले. सी. व्ही. कुलकर्णी यांनी खुद्री महाशीरची अंडी व भ्रूणावस्था यांवर केलेले संशोधन त्याच काळातले. एकाच नदीच्या उगमाशी मत्स्यबीज तयार व्हावे, मध्यावर भाविकांनी मासे राखावेत आणि दोन्हींच्या अवतीभवती कारखाने उभे राहावेत, असा हा विलक्षण योग आहे.

धातूंचे आगमन

मुळेच्या काठी खडकी येथे दारूगोळ्याचा कारखाना १८६९ मध्ये सुरू झाला. आधुनिक कारखानदारी या खोऱ्यात प्रथम आली ती अशी. तथापि खरे परिवर्तन स्वातंत्र्योत्तर काळातले. पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सार्वजनिक उपक्रमाची स्थापना १९५४ मध्ये झाली. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १ ऑगस्ट १९६२ रोजी अस्तित्वात आले आणि पिंपरी, चिंचवड, भोसरी, आकुर्डी या गावांच्या शेतजमिनींवर औद्योगिक भूखंड आखले गेले. मालमोटारी, दुचाकी व तीनचाकी वाहने, इंजिने, पंप आणि त्यांना सुटे भाग पुरविणारे शेकडो लहान उद्योग येथे उभे राहिले. लोकवस्ती वाढली, तशी ४ मार्च १९७० रोजी नगरपालिका आणि ११ ऑक्टोबर १९८२ रोजी महानगरपालिका स्थापन झाली. पवना धरण १९७० च्या दशकाच्या आरंभी पूर्ण झाले. शहर व कारखाने यांची तहान भागली. पात्रातील उन्हाळी प्रवाह मात्र माणसाच्या सोयीने ठरू लागला.

१९९० च्या दशकापासून उद्योगांनी इंद्रायणी ओलांडली. इंद्रायणी आणि भामा या दोन नद्यांच्या मधला चाकणचा माळ वाहननिर्मितीचे नवे केंद्र बनला. २००९ मध्ये दोन जर्मन मोटार कंपन्यांचे कारखाने येथे कार्यान्वित झाले आणि चाकणचे नाव जगाच्या औद्योगिक नकाशावर गेले.

वाहनउद्योगाचा धातूंशी संबंध केवळ पोलादापुरता नसतो. गंज टाळण्यासाठी जस्ताचा, चकाकीसाठी निकेल व क्रोमियमचा मुलामा दिला जातो. मुलामा दिलेली वस्तू वारंवार धुवावी लागते आणि त्या धुवणाच्या पाण्यातून धातू बाहेर पडतात. मोठ्या कारखान्यांत सांडपाणी शुद्धीकरणाची यंत्रणा असते. मात्र मुलाम्याचे पुष्कळसे काम लहान गाळ्यांत होते आणि तेथे जागा व भांडवल दोन्ही अपुरी असतात. हा प्रश्न नॅनोकणांपूर्वीचा आहे आणि अद्याप संपलेला नाही.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील ८८ औद्योगिक क्षेत्रांचा सर्वंकष प्रदूषण निर्देशांक काढला. त्यात पिंपरी-चिंचवडचा समावेश ६० ते ७० गुणांच्या, म्हणजे तीव्र प्रदूषित गटात झाला. याच मंडळाने २०१८ मध्ये जाहीर केलेल्या देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांपैकी ५३ महाराष्ट्रातील होते आणि त्यांत पवना व इंद्रायणी या दोन्ही नद्या होत्या. मात्र ही दुसरी यादी जैवरासायनिक ऑक्सिजन मागणीवर, म्हणजे मुख्यतः सेंद्रिय घाणीवर आधारलेली होती. नदीतील धातूंविषयी ती काही सांगत नाही.

कायद्याचे माप

प्रदूषण मोजण्याच्या मापांनाही इतिहास असतो. महाराष्ट्राने जलप्रदूषण प्रतिबंधाचा स्वतःचा कायदा १९६९ मध्ये केला आणि राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ ७ सप्टेंबर १९७० रोजी स्थापन झाले. केंद्राचा जलप्रदूषण कायदा १९७४ चा, तर पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ चा. या शेवटच्या कायद्याखालील नियमांत १९९३ मध्ये सांडपाण्याची सर्वसाधारण मानके समाविष्ट झाली. अंतर्गत जलस्रोतांत सोडावयाच्या पाण्यात दर लिटरला षट्‌संयुजी क्रोमियम ०.१, तांबे ३, निकेल ३ आणि जस्त ५ मिलिग्रॅम, अशा मर्यादा त्यांत आहेत.

याच मानकांत दोन तरतुदी अशा आहेत की प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यांचे महत्त्व मोठे आहे. पहिली तरतूद कणांच्या आकाराची. तरंगते घन कण ८५० मायक्रॉनच्या चाळणीतून पार व्हावेत, एवढीच तिची अपेक्षा आहे. ८५० मायक्रॉन म्हणजे साडेआठ लाख नॅनोमीटर. नॅनोकणाची कमाल मर्यादा शंभर नॅनोमीटर धरली, तर कायद्याच्या चाळणीचे छिद्र त्याहून साडेआठ हजार पटींनी मोठे आहे. ही चाळणी वाळू, भुसा, गाळ अडविण्यासाठी होती आणि त्या काळाच्या मानाने ती योग्यच होती.

प्रयोगशाळेतील गाळणीचीही गोष्ट अशीच आहे. पाण्यातील 'विरघळलेला' धातू मोजताना नमुना ०.४५ मायक्रॉनच्या गाळणपत्रातून गाळण्याचा प्रघात आहे. जे गाळून खाली उतरते ते विरघळलेले, जे वर उरते ते कणरूप, अशी ही विभागणी. ०.४५ मायक्रॉन म्हणजे ४५० नॅनोमीटर. सुटे नॅनोकण या गाळणीतून सहज उतरतात आणि विरघळलेल्या धातूच्या रकान्यात नोंदले जातात. जो कण घन आहे त्याला कागदोपत्री द्रावण मानले जाते. नॅनोकणांसाठी वेगळी मर्यादा या मानकांत नाही.

दुसरी तरतूद माशांविषयीची आहे आणि ती अधिक दूरदृष्टीची आहे. शुद्ध केलेल्या, परंतु विरल न केलेल्या सांडपाण्यात मासे सोडून ९६ तासांनी त्यांपैकी ९० टक्के जिवंत राहिले पाहिजेत, असे ती सांगते. रसायनांची यादी कितीही लांबविली तरी प्रत्येक विष त्या यादीत येणार नाही. म्हणून अखेरचा निर्णय सजीवाने द्यावा, हे तत्त्व या तरतुदीमागे आहे. मात्र येथे मासा फक्त दोनच उत्तरे देऊ शकतो, जिवंत किंवा मृत. चार दिवसांनंतर जिवंत असलेला मासा निरोगी आहे काय, हे विचारण्याची सोय त्यात नाही.

नॅनोकणांचे विज्ञान आणि पुण्याचा वाटा

अतिसूक्ष्म पातळीवर पदार्थ घडविण्याच्या शक्यतेकडे भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी डिसेंबर १९५९ मधील व्याख्यानात लक्ष वेधले. 'नॅनोतंत्रज्ञान' ही संज्ञा जपानी शास्त्रज्ञ नोरिओ तानिगुची यांनी १९७४ मध्ये वापरली. भारत सरकारचा या विषयावरील पहिला राष्ट्रीय उपक्रम २००१ मध्ये सुरू झाला आणि २००७ मध्ये त्याचे 'नॅनो मिशन'मध्ये रूपांतर झाले.

या इतिहासात पुण्याचा वाटा लक्षणीय आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बुरशीच्या साहाय्याने चांदीचे नॅनोकण तयार करण्याची पद्धत २००१ मध्ये प्रसिद्ध केली. सजीवांकडून धातूंचे नॅनोकण घडवून घेण्याच्या संशोधनात हे काम पायाभूत मानले जाते. पुणे विद्यापीठात सुलभा कुलकर्णी यांनी नॅनोपदार्थांवर दीर्घकाळ संशोधन व अध्यापन केले. भाताच्या तुसाच्या राखेवर चांदीचे नॅनोकण बसवून जिवाणू मारणारे स्वस्त जलशुद्धीकरण साधन डिसेंबर २००९ मध्ये बाजारात आले; त्यामागील संशोधनाचा मोठा भाग पुण्यातील टाटांच्या संशोधन केंद्रात झाला होता. जंतुसंसर्ग टाळणारे हे तंत्र वीज व नळ नसलेल्या घरांसाठी उपयुक्त होते. नॅनोकणांचा प्रश्न उपयुक्तता आणि धोका अशा दोन स्वतंत्र खात्यांत विभागता येत नाही. जिवाणूला मारणारा गुणधर्म नदीत गेल्यावर संपत नाही.

नॅनोकण वेगळे का वागतात, याचे उत्तर पृष्ठभागात आहे. एक सेंटिमीटर बाजूच्या धातूच्या घनाचा पृष्ठभाग सहा चौरस सेंटिमीटर असतो. तोच घन शंभर नॅनोमीटर बाजूच्या घनांत चिरला तर वजन तेवढेच राहते, पृष्ठभाग मात्र साठ चौरस मीटर होतो. धातूची रासायनिक क्रिया पृष्ठभागावरच होत असल्याने एक मिलिग्रॅम धातू आणि त्याच धातूचे एक मिलिग्रॅम नॅनोकण माशाच्या दृष्टीने सारखे ठरत नाहीत. वजनाच्या मापाची मर्यादा येथे उघड होते.

कल्ल्याची साक्ष

माशाचा कल्ला हा केवळ श्वसनाचा अवयव नाही. त्यातील पातळ पटलिकांमधून ऑक्सिजन आत येतो, अमोनिया बाहेर टाकला जातो आणि शरीरातील क्षारांचा समतोल राखला जातो. एवढे काम करण्यासाठी पाणी आणि रक्त यांच्यामधील पडदा अत्यंत पातळ असावा लागतो. तोच पडदा पाण्यातील धातूंना प्रथम सामोरा जातो. क्षोभ झाला की कल्ला श्लेष्म सोडतो, पेशींची संख्या वाढवितो, पटलिका जाड होतात आणि कधी एकमेकींना चिकटतात. बचावाची ही युक्ती माशाला महाग पडते, कारण धातूबरोबर ऑक्सिजनचीही वाट अडते.

माशांवरील नॅनोविषशास्त्राचा इतिहास अवघ्या दोन दशकांचा आहे. इव्हा ओबरडॉर्स्टर यांनी २००४ मध्ये कार्बनच्या फुलरिन कणांमुळे बास माशाच्या पिलांच्या मेंदूत ऑक्सिडीकारक इजा होते, असे दाखविले. ते कण धातूचे नव्हते. पण या निबंधाने प्रश्न जगापुढे आला. ग्रिफिट आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये तांब्याचे नॅनोकण झेब्राफिश या माशाच्या कल्ल्याला इजा करून त्याला मारू शकतात, असे सिद्ध केले. ४८ तासांत निम्मे मासे मरण्यास दर लिटरला दीड मिलिग्रॅम नॅनोतांबे पुरले. विरघळलेले तांबे याहून कमी प्रमाणात मारक ठरते, हे खरे. परंतु कल्ल्यातील जनुकांचा प्रतिसाद दोन्ही रूपांत वेगळा होता. केवळ कणांतून विरघळलेल्या तांब्याने या परिणामाचा उलगडा होत नव्हता.

त्याच वर्षी फेडेरिची, शॉ व हँडी यांनी रेनबो ट्राउट माशांना चौदा दिवस टायटॅनियम डायऑक्साइडच्या नॅनोकणांत ठेवले. प्रमाण दर लिटरला ०.१ ते १ मिलिग्रॅम एवढेच होते. कल्ल्यांना सूज आली, पटलिका जाड झाल्या आणि क्षारांचा समतोल राखणाऱ्या विकराची क्रिया मंदावली. टायटॅनियम डायऑक्साइड हा रंगाचा सर्वपरिचित, निरुपद्रवी समजला जाणारा घटक. ९६ तासांनंतर जिवंत माशांची शिरगणती करणाऱ्या परीक्षेत असे बदल नोंदलेच गेले नसते.

प्रयोगशाळेतील काचेच्या टाकीतून बाहेर पडून हाच प्रश्न कॅनडातील संशोधकांनी एका संपूर्ण तलावाला विचारला. ओंटारिओ प्रांतातील प्रायोगिक सरोवर क्षेत्रात २२२ क्रमांकाच्या तलावात २०१४ व २०१५ मध्ये चांदीचे नॅनोकण अल्प प्रमाणात सोडण्यात आले. पुढील वर्षांच्या निरीक्षणांत पिवळ्या पर्च माशांची संख्या घटलेली आढळली आणि त्यांचे अन्नग्रहणही कमी झाले होते. पृष्ठभागावर मृत माशांचा खच न दिसताही माशांची वस्ती ओसरू शकते, हा या प्रयोगाचा बोध आहे.

पवना-इंद्रायणीच्या पाण्यात

प्रयोगांचे निष्कर्ष जसेच्या तसे पवनेला लावणे शास्त्रीय ठरणार नाही. नदीचे पाणी हे काचेच्या टाकीतील पाणी नव्हे. पिंपरी-चिंचवडच्या नद्यांत मैलापाणी मिसळते. मैल्यातील गंधकामुळे चांदीच्या कणांचे चांदीच्या सल्फाइडमध्ये रूपांतर होते आणि त्यांची विषारिता घटते. सांडपाण्याच्या गाळात असे कण आढळल्याचे संशोधन २०१० मध्ये प्रसिद्ध झाले आहे. क्षारयुक्त, कठीण पाण्यात कण एकमेकांना चिकटून तळाशी बसतात. या अर्थाने घाणेरडी नदी नॅनोकणांना काही अंशी निष्प्रभ करते.

याची दुसरी बाजू मात्र चिंताजनक आहे. मैल्यामुळे पाण्यातील ऑक्सिजन घटला की मासा अधिक वेगाने कल्ल्यांतून पाणी खेळवितो आणि तेवढेच अधिक कण कल्ल्यावर येतात. अलीकडच्या वर्षांत आळंदीला वारीच्या दिवसांतही पात्रावर पांढरा फेस तरंगताना दिसला आहे. असा फेस आणणारे पृष्ठसक्रिय पदार्थ कणांना सुटे व तरंगते ठेवण्यास मदत करतात. तळाशी बसलेले कण तर नष्ट होतच नाहीत. मळ्यासारखे मासे दगडांवरील शेवाळ खरवडून जगतात. त्यांना हे कण अन्नाबरोबरच मिळतात. झेब्राफिश वा ट्राउट यांच्यावरील प्रयोगांत हा मार्ग पुरेसा दिसत नाही.

कणांच्या उगमाचाही विचार करावयास हवा. मुलाम्याचे सांडपाणी निदान एका नळातून येते आणि तो नळ शोधता येतो. टायरमधील जस्त ऑक्साइड, ब्रेकची धातूची भुकटी, उत्प्रेरकातून झिजणारे प्लॅटिनम व पॅलेडियम, वेल्डिंगच्या धुराची राख आणि भिंतींवरील रंग हे सर्व रस्त्यावर व छपरांवर साचते. पहिल्या पावसात ते पावसाळी गटारांतून थेट नाल्यात आणि नाल्यातून नदीत जाते. या वाटेवर शुद्धीकरण केंद्र नसते.

येथे इतिहासाच्या अभ्यासकाने एक सावधगिरी बाळगली पाहिजे. या पट्ट्यातील मासे कमी होण्याचे खापर नॅनोकणांवर फोडणे कालक्रमाला धरून होणार नाही. धरणे, वाळूउपसा, मैलापाणी, मुलाम्याचे धातू आणि बाहेरून आणलेल्या मत्स्यजाती यांनी ती घट आधीच घडवून आणली होती. चिलापीसारखे मलिन पाण्यात तग धरणारे परके मासे खाली उजनी जलाशयापर्यंत पसरले आहेत. नॅनोकण या जुन्या आघातांवर येऊन बसणारा नवा थर आहेत. स्थानिक मासे आधीच मोजके उरलेले असताना मंदगतीने होणारी इजाही निर्णायक ठरू शकते, हे त्याचे खरे गांभीर्य होय. नदीकाठच्या भोई कुटुंबांचे आणि उजनीवरील मच्छीमारांचे उत्पन्न, तसेच हे मासे खाणाऱ्यांचे आरोग्य, या थराखालीच आहे.

समारोप

वरील विवेचनातून तीन बाबी स्पष्ट होतात. पहिली अशी की, प्रदूषणाची मापे त्या त्या काळाच्या ज्ञानाप्रमाणे घडतात. ८५० मायक्रॉनची चाळणी आणि ०.४५ मायक्रॉनची गाळणी या चुका नव्हेत. त्या एका पिढीच्या गरजा होत्या. नव्या कणांसाठी वजनाबरोबर आकार व पृष्ठभाग मोजणारी मापे जोडणे ही आजच्या पिढीची गरज आहे.

दुसरी बाब अशी की, ९६ तासांची मत्स्यपरीक्षा रद्द करण्याचे कारण नाही; ती पुढे नेली पाहिजे. जिवंत राहिलेल्या माशांचे कल्ले व यकृत सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे, विकरांची क्रिया मोजणे, परीक्षेची मुदत वाढविणे आणि मळ्यासारख्या तळाशी चरणाऱ्या स्थानिक जातींचा तीत समावेश करणे शक्य आहे. पाण्याबरोबर तळाचा गाळही तपासला जावा. यांतील बहुतेक तंत्रे पदव्युत्तर प्राणिशास्त्र व रसायनशास्त्र विभागांच्या आवाक्यातील आहेत.

तिसरी बाब महाविद्यालयांशी थेट संबंधित आहे. १९४२ पासूनच्या मत्स्यसूची, २००३ व २०१२ चे अभ्यास आणि प्राणिशास्त्र विभागांच्या कपाटांतील जतन केलेले मत्स्यनमुने हे या प्रदेशाचे दप्तरच आहे. इतिहास विभागांनी औद्योगिक वसाहतींच्या वाढीचा कालक्रम सिद्ध करावा, रसायनशास्त्र विभागांनी गाळाच्या थरांतील धातू मोजावेत आणि प्राणिशास्त्र विभागांनी माशांच्या ऊतींचे परीक्षण करावे, तर कोणत्या दशकात नदीच्या कोणत्या भागात काय बदलले, याचे एक विश्वसनीय चित्र उभे राहील. अशा आधाररेषेविना पुढील काळात नॅनोकणांचा परिणाम इतर प्रदूषणापासून वेगळा काढता येणार नाही.

साइक्स यांनी नुक्ताची नोंद केली तेव्हा माशाचे नाव, नदीचे नाव आणि गावाचे नाव एकत्र लिहिले. पुढील दीडशे वर्षांत माशांची यादी प्राणिशास्त्राकडे, नदीचे आकडे प्रदूषण मंडळाकडे आणि गावाचा इतिहास औद्योगिक विकासाच्या अहवालांकडे गेला. या तिन्ही नोंदी पुन्हा एका पानावर आणण्याचे काम चाकण-पिंपरी परिसरातील महाविद्यालयांना करता येण्याजोगे आहे आणि त्यासाठी इंद्रायणीपासून दूर जाण्याची आवश्यकता नाही.